गेटवरच्या फोनवरून बाहेर कॉल लागतोच कसा? एक्स्टेन्शननिहाय आउटगोइंग बंद करण्याविषयी

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ॲडमिन विभागाकडून आला आहे. त्यांच्याकडे चाळीसेक एक्स्टेन्शनचा (आतल्या फोनचा) ईपीएबीएक्स, म्हणजे कारखान्याचे स्वतःचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज, आहे, नंबर १०१ पासून पुढे. चार साध्या लाइन आहेत, गेल्या वर्षी एक एसआयपी ट्रंक (इंटरनेट पद्धतीने कॉल नेणारी बाहेरची लाइन) जोडली आहे, आणि बाहेरची लाइन घ्यायला ० दाबायचा. गेट, शॉप फ्लोअर, कॅन्टीन आणि स्टोअरवरून बाहेर कॉल नकोत. विभागप्रमुखांना भारतभर हवेत, एक्स्पोर्टच्या टेबलाला परदेशही हवा. मेंटेनन्सवाल्या इंजिनिअरने निर्बंध लावले तेव्हा विभागप्रमुखांचे मोबाइल कॉल बंद पडले. ते सुरू करून दिले तर सगळ्यांचेच सगळे सुरू झाले. शिवाय एक कोडे आहे. तिसऱ्या लाइनच्या बिलात रात्रीचे आउटगोइंग कॉल दिसतात, पण सिस्टिमच्या कॉल नोंदीत नेमक्या त्याच वेळी त्या लाइनवर गेटला आलेला इनकमिंग कॉल दिसतो.

आधी मोबाइलचे बघू. तुमच्या इंजिनिअरकडून जे झाले ते मला आजही ठिकठिकाणी सापडते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो. त्याआधी आपल्या टेलिकॉम सर्कलमधला, म्हणजे साधारण आपल्याच राज्यातला, मोबाइल थेट दहा आकड्यांनी लागायचा. ० म्हणजे एसटीडी आणि ०० म्हणजे आयएसडी अशी सरळ वाटणी होती, आणि ईपीएबीएक्स बसवणाऱ्यांनी निर्बंधाची टेबले (कुठल्या आकड्यांनी सुरू होणारे नंबर अडवायचे याच्या याद्या) याच हिशेबाने भरली होती. ज्याला एसटीडी द्यायची नाही त्याच्या टेबलात ‘० ने सुरू होणारे सगळे बंद’ एवढी एकच नोंद. २०२१ नंतर त्याच नोंदीने मोबाइलही अडवायला सुरुवात केली. तक्रार आली की इंजिनिअर ती नोंद पुसून टाकतो, आणि ० च्या पोटातच ०० असल्यामुळे परदेशाचा रस्ताही त्याच क्षणी मोकळा होतो.

म्हणून भारतभर बोलायची मुभा असलेल्या वर्गात ० बंद करायचा नाही, ०० बंद करायचे. इथे शून्यांचा हिशेब नीट लावा. तुमचा माणूस आयएसडीसाठी प्रत्यक्षात तीन शून्ये दाबतो, कारण पहिले शून्य लाइन घेण्याचे असते. बहुतेक सिस्टिमचे टेबल मात्र लाइन घेण्याचा ० सोडून पुढचेच आकडे तपासते. टेबलात ००० भरले तर आयएसडी अडतच नाही, आणि नुसते ० भरले तर मोबाइलसकट सगळे अडते. तुमची सिस्टिम कुठल्या आकड्यापासून तपासते हे मॅन्युअलमध्ये पाहा आणि एका एक्स्टेन्शनवर करून पाहा. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

‘मोबाइल चालू ठेवा, एसटीडी तेवढी बंद करा’ अशी मागणी अजून होते. माझे स्पष्ट मत आहे की तो नाद सोडून द्या. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, आणि कोल्हापूर ०२३१, इचलकरंजी ०२३०, सांगली ०२३३, पुणे ०२०, मुंबई ०२२ हे सगळे ०२ चे. तेव्हा ०२ अडवले की झाले, असे वाटते. पण आपला जिल्हा सीमेवरचा. बेळगावचा कोड ०८३१, गोव्याचा ०८३२, बेंगळुरूचा ०८०. हे सगळे मोबाइलच्याच रांगेत येऊन बसतात, आणि कोडला धरून आकडेही तितकेच, त्यामुळे लांबीवरूनही वेगळे काढता येत नाहीत. टेबले वाढत जातात आणि पुढच्या माणसाला ती वाचता येत नाहीत. त्यातून वाचणार किती? आज बहुतेक लँडलाइन योजनांत देशातले कॉल भाड्यातच धरलेले असतात. तुमचे खरे नुकसान दोन ठिकाणी होते. एक म्हणजे परदेशी कॉल. दुसरे म्हणजे चारच लाइन असताना दोन गप्पांत अडकलेल्या असतात आणि पुण्याच्या ग्राहकाला तुमचा नंबर सतत एंगेज लागतो. निर्बंध या दोन गोष्टींसाठी लावा.

आता वर्ग. चारच करा. पहिल्या वर्गाला फक्त आतले कॉल आणि आपत्कालीन नंबर. दुसऱ्याला त्याखेरीज ठरवून दिलेले दहा-पंधरा नंबर. तिसऱ्याला सारा भारत. चौथ्याला भारत आणि नावानिशी ठरवलेले देश. ‘सगळे चालू’ असा पाचवा वर्ग कुणालाच देऊ नका, मालकांच्या केबिनलाही नाही. अशी मागणी केबिनसाठीच येते आणि नाही म्हणणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. पण संध्याकाळी सहानंतर त्या केबिनमध्ये कुणी नसते आणि साफसफाईसाठी दार उघडे असते. मालकांना ज्या देशांत बोलायचे असते ते चौथ्या वर्गात घालता येतात.

पहिल्या दोन वर्गांची टेबले भरताना ‘काय काय बंद करायचे’ याची यादी करत बसू नका. आधी ० ते ९ सगळे बंद करा, * आणि # सुद्धा, आणि मग अपवाद उघडा. पॅनासॉनिकच्या सिस्टिममध्ये याला टीआरएस (टोल रिस्ट्रिक्शन) म्हणतात. टीडीए मालिकेत लेव्हल १ ला सगळे मोकळे, ७ ला बाहेरचे काहीच नाही, आणि मधल्या लेव्हलना डिनाइड कोड व एक्सेप्शन कोड अशी दोन टेबले. मॅट्रिक्समध्ये तेच टोल कंट्रोल या नावाखाली अलाउड लिस्ट आणि डिनाइड लिस्ट म्हणून सापडेल. * आणि # चा उल्लेख मुद्दाम केला. काही एक्स्चेंज सुरुवातीला आलेल्या * किंवा # कडे दुर्लक्ष करून पुढचा नंबर जोडून देतात. ईपीएबीएक्स मात्र पहिल्या आकड्यापाशी गोंधळतो आणि कॉल सोडून देतो. हे दोन्ही तपासायचे की नाही याची वेगळी सेटिंग बऱ्याच सिस्टिमना असते. ती चालू करा.

अपवादांत सगळ्यात आधी ११२, १००, १०१, १०२ आणि १०८. त्यानंतर वीज तक्रारीसाठी १९१२. टोल-फ्री म्हणून १८०० उघडायला हरकत नाही, पण १८६० त्यात ओढू नका. ते दिसायला सारखे असले तरी त्याला पैसे पडतात. ‘१ ने सुरू होणारे सगळे उघडा’ असे कुणी सुचवले तर याचसाठी नको म्हणा.

इथेच तुमच्या कारखान्यातली सगळ्यात गंभीर अडचण आहे, आणि तुम्ही ती विचारलेलीही नाही. तुमची एक्स्टेन्शन १०१ पासून सुरू होतात. म्हणजे १०१ हा कुणाचा तरी टेबलावरचा फोन आहे, १०२ सुद्धा, १०८ सुद्धा आणि ११२ सुद्धा. बऱ्याच सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीकडूनच १०१ पासूनचे नंबर घेऊन येतात आणि बसवणारा ते तसेच ठेवतो. आता रात्रपाळीला ओतकामाच्या वेळी कुणी भाजले, आणि जवळच्या माणसाने शॉप फ्लोअरवरचा फोन उचलून १०८ दाबले, तर समजा खरेदी विभागाच्या रिकाम्या खोलीत घंटी वाजत राहील. त्या माणसाला आधी ० दाबायचा असतो हे त्या क्षणी आठवणार नाही, आणि आठवावे अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. निर्बंधांचे काम हाती घेतलेच आहे तर एक्स्टेन्शनचे नंबर २०१ पासून करून घ्या. आठवडाभर लोक कुरकुर करतील, फोनची यादी नव्याने छापावी लागेल. पण त्यानंतर १०८ आणि ११२ हे ० लावून आणि न लावता, दोन्ही पद्धतींनी, प्रत्येक फोनवरून बाहेर जातील असे करता येते. आपत्कालीन नंबरांचे वेगळे टेबल असलेल्या सिस्टिममध्ये ते भरले की वर्ग कुठलाही असला तरी कॉल अडत नाही.

गेट पूर्णपणे पहिल्या वर्गात टाकू नका, असेही सुचवेन. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली, हे तुम्ही पाहिले आहे. अशा वेळी कारखान्यात गेटवरचा माणूसच तेवढा असतो. त्याला दुसरा वर्ग द्या. त्याच्या यादीत मालक, प्लँट हेड, मेंटेनन्सचा ड्युटीवरचा माणूस, जवळचे हॉस्पिटल, एमआयडीसीचे अग्निशमन केंद्र आणि ठरलेला गाडीवाला एवढे नंबर असू द्या. शॉप फ्लोअरच्या लोकांसाठीही टाइम ऑफिसमध्ये असा एक फोन ठेवा. भट्टीजवळ मोबाइल नेऊ देत नसाल तर घरी कुणी आजारी असताना कामगाराने कुठून बोलायचे, याचे उत्तर ॲडमिनकडे असले पाहिजे.

आता तिसऱ्या लाइनचे कोडे. बिलात आउटगोइंग आणि नोंदीत इनकमिंग, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. साध्या लाइनवर बाहेरून कॉल येतो, गेटवरचा माणूस उचलतो, समोरचा ठेवून देतो. ईपीएबीएक्सला समोरच्याने ठेवल्याचे कळायला एक्स्चेंजकडून तसा इशारा यावा लागतो. तो आला नाही, किंवा तो ओळखण्याची सेटिंग बंद असली, तर सिस्टिमच्या लेखी कॉल अजून चालूच असतो. काही एक्स्चेंजवर थोडा वेळ थांबले की त्याच लाइनवर नवा डायल टोन येतो. माणसाने रिसीव्हर कानाला धरूनच ठेवला आणि नंबर दाबला, तर तो आकडा थेट एक्स्चेंजला जातो. सिस्टिम या आकड्यांकडे बघतच नाही, कारण तिच्या दृष्टीने ते चालू बोलण्यात दाबलेले आकडे आहेत. बँकेच्या आयव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकून, आपण दाबतो तसे. निर्बंधाचे टेबल लागते ते फक्त नवा कॉल सुरू करताना. म्हणजे गेटला सगळे बंद असले तरी आलेल्या कॉलच्या पाठीवर बसून बाहेर जाता येते, आणि मित्राला ‘एक रिंग दे, उचलला की ठेव’ एवढे सांगितले की काम झाले.

हेच कारण आहे का, हे पडताळून पाहणे सोपे आहे. दुपारी स्वतः गेटच्या फोनपाशी बसा, कुणाला तरी तिसऱ्या लाइनचा नंबर मोबाइलवरून लावायला सांगा, उचला, त्याला कट करायला सांगा आणि तुम्ही रिसीव्हर धरून ठेवा. एंगेज टोननंतर डायल टोन आला तर कारण सापडले. मग तेच बाकीच्या तीन लाइनवरही करून पाहा, कारण चारही जोड्या एकाच एक्स्चेंज कार्डावर असतील असे नाही.

बंदोबस्त दोन बाजूंनी करा. लाइनच्या सेटिंगमध्ये समोरच्याने ठेवल्याचा इशारा ओळखणे चालू करा. ईपीएबीएक्स एंगेज टोन ओळखू शकत असेल तर तेही. दुसरे, बऱ्याच सिस्टिममध्ये इनकमिंग बोलण्याच्या दरम्यान किती आकडे दाबू द्यायचे याची मर्यादा घालता येते. त्याहून जास्त दाबले की लाइन तुटते. गेट, शॉप फ्लोअर आणि कॅन्टीनला ती मर्यादा घाला. अकाउंट्सला घालू नका, त्यांना खरोखरच आयव्हीआरमध्ये ग्राहक क्रमांक दाबावे लागतात. फ्लॅश बटणही पाहा. आलेल्या कॉलवर फ्लॅश दाबून एक्स्चेंजचा दुसरा डायल टोन मिळत असेल तर तीही तीच वाट.

माझ्या अनुभवात निर्बंधांची टेबले फार क्वचित चुकतात. गळती होते ती अशा आडवाटांनी, म्हणून उरलेल्याही सांगतो.

पहिली आडवाट रिसेप्शन. ‘ताई, एक लाइन द्या की जरा’ म्हटले की ऑपरेटर आपल्या फोनवरून लाइन घेते आणि डायल टोनसकट ती शॉप फ्लोअरला ट्रान्सफर करते. पुढे दाबलेले आकडे कुणाच्या वर्गाने तपासायचे हे सिस्टिमनुसार बदलते, आणि काही ठिकाणी ते तपासलेच जात नाहीत. नियम असा ठेवा की नंबर ऑपरेटरनेच लावायचा आणि रिंग लागल्यावर जोडून द्यायचा. हे ताईंवर संशय म्हणून सांगू नका. कुणी आग्रह केला तर त्यांना दाखवायला लेखी नियम हातात असावा, म्हणून सांगा.

दुसरी आडवाट कॉल फॉरवर्ड. स्टोअरच्या फोनला बाहेर बंद आहे, पण विभागप्रमुखाने आपले एक्स्टेन्शन स्वतःच्या मोबाइलवर फॉरवर्ड करून ठेवले आहे. प्रत्येक फॉरवर्ड झालेला कॉल एक आउटगोइंग लाइन खातो; बाहेरून आलेला असेल तर दोन लाइन एकाच कॉलवर अडकतात. बाहेर फॉरवर्ड करण्याची परवानगी वर्गानुसार वेगळी देता येते. फक्त मेंटेनन्सच्या ड्युटी फोनला द्या. बाहेरून आलेला कॉल परत बाहेर जोडण्याची परवानगी, ज्याला ट्रंक-टू-ट्रंक म्हणतात, ती ऑपरेटरखेरीज कुणालाच नको.

तिसरी आडवाट सिस्टिम स्पीड डायल. सिस्टिमच्या सामाईक स्मृतीत साठवलेले नंबर लावताना निर्बंध ओलांडायची मुभा अनेक सिस्टिममध्ये असते. गेटसाठी वर सांगितलेली यादी बनवायला ती उपयोगीच आहे. पण त्याच स्मृतीत एक्स्पोर्टने जर्मनीच्या ग्राहकांचे नंबर भरले असतील तर कॅन्टीनवालाही ते लावू शकतो. स्पीड डायलसाठी वेगळा वर्ग ठेवता येतो का ते पाहा, नाहीतर परदेशी नंबर तिथून काढून टाका.

चौथी आडवाट लाइनच्या गटांची. चार साध्या लाइन एका गटात, एसआयपी ट्रंक दुसऱ्यात, आणि पहिला गट भरला की कॉल आपोआप दुसऱ्यात जातो. निर्बंध फक्त पहिल्या गटावर लावलेले असतील तर सकाळी अकराला, चारही लाइन व्यस्त असताना, सगळ्यांना सगळे लागते आणि दुपारी तपासायला बसलात तर काहीच लागत नाही. ‘कधी कधी लागतो’ अशी तक्रार आली की मी आधी इथे बघतो.

पाचवी आडवाट विजेची. अनेक ईपीएबीएक्समध्ये वीज गेल्यावर एक ठरावीक लाइन थेट एका ठरावीक एक्स्टेन्शनला जोडली जाते, मध्ये सिस्टिम उरतच नाही. यूपीएस संपला की त्या फोनवर कसलाही निर्बंध नाही. ही सोय काढू नका. पावसाळ्यात वीज गेली असताना तोच फोन कामाला येणार आहे, आणि तो गेटवर असणे योग्यच. फक्त त्या लाइनवर टेलिफोन कंपनीकडून आयएसडी बंद करून घ्या. आणि भिंतीवरच्या टॅग ब्लॉकच्या, म्हणजे लाइनच्या तारा जोडलेल्या, डब्याला कुलूप लावा. लाइनची जोडी तिथे उघडी असेल तर पाच मिनिटे मिळालेल्या माणसाला तुमच्या सिस्टिमची गरजच नाही.

एसआयपी ट्रंकवर थोडे जास्त थांबतो, कारण साध्या लाइनवर नुकसान हजारांत होते, तर इथे एका सुट्टीत ते फार मोठे होऊ शकते. नंबरचे रूप इथे बदलते. सेल्सच्या मुलांच्या मोबाइलमध्ये सॉफ्टफोन ॲप (मोबाइललाच ऑफिसचे एक्स्टेन्शन बनवणारे) असेल आणि त्यांनी फोनबुकमधून नंबर निवडला, तर तो + लावून जातो. तुमच्या टेबलात ०० बंद आहे, + नाही. काही सिस्टिम + चे ०० करतात, काही तसाच पुढे पाठवतात, आणि ट्रंकवाली कंपनी तो आनंदाने जोडते. + ने सुरू होणाऱ्या नंबरांत +९१ सोडून बाकी सगळ्यांना ०० चेच नियम लावा.

देश उघडतानाही जपून. जर्मनीसाठी ००४९, इटलीसाठी ००३९ इथवर सोपे आहे. अमेरिकेसाठी ००१ उघडले की कॅनडाबरोबर कॅरिबियन बेटेही उघडतात, कारण तीही १ च्याच पोटात येतात. जमैका ८७६, ग्रेनाडा ४७३, डॉमिनिकन रिपब्लिक ८०९. तिथले दर वेगळे असतात आणि फसवणुकीच्या कॉलमध्ये हे कोड नेहमी भेटतात. म्हणून ००१ उघडा आणि त्याखाली ००१८७६, ००१४७३, ००१८०९ असे परत बंद करा. तुमचा अमेरिकेत एकच ग्राहक असेल तर ००१ आणि त्याचा एरिया कोड एवढेच उघडणे सगळ्यात सुरक्षित.

ट्रंकवाल्या कंपनीकडेही मर्यादा घालून घ्या. एकाच वेळी परदेशी कॉल किती, दिवसाला रक्कम किती, आणि ती ओलांडली की कॉल बंद. आयपी सिस्टिम इंटरनेटवर उघडी असेल तर एक्स्टेन्शनचे पासवर्ड शोधणारी यंत्रे रात्रंदिवस दार ठोठावत असतात. पासवर्ड सापडला की ती चालवणारे लोक थांबतात आणि दिवाळीच्या सुट्टीत, कुणी बघत नसताना, महागड्या देशांत कॉल सुरू करतात. कंपनीकडची मर्यादा हा अशा वेळचा शेवटचा अडसर. तो तुमच्या सेटिंगवर अवलंबून नसतो म्हणूनच हवा. सिस्टिमचा ट्रंककडचा रस्ता फक्त त्या कंपनीच्या आयपीसाठी उघडा ठेवा, आणि एक्स्टेन्शनचा पासवर्ड एक्स्टेन्शन नंबरच असेल तर आजच बदला. बाहेरून फोन करून सिस्टिममधली लाइन घेण्याची डिसा नावाची सोय असते. कुणी वापरत नसेल तर ती बंद करा. ऑटो अटेंडंटलाही (आलेला कॉल आपोआप उचलून एक्स्टेन्शन विचारणाऱ्या सोयीला) ट्रंक, म्हणजे बाहेरची लाइन, घेण्याची परवानगी नको.

पुढे कधी ॲस्टरिस्कवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या ईपीएबीएक्सच्या सॉफ्टवेअरवर, गेलात तर विचार तोच, जागा वेगळी. तिथे प्रत्येक एक्स्टेन्शन एका कॉन्टेक्स्टमध्ये (काय काय लावता येईल याच्या नियमांच्या गटात) असते आणि त्या कॉन्टेक्स्टला जे माहीतच नाही ते लागत नाही. वरचे चार वर्ग म्हणजे चार कॉन्टेक्स्ट, प्रत्येक वरच्यात खालचा सामावलेला. त्यावरच चालणाऱ्या फ्रीपीबीएक्समध्ये आउटबाउंड रूटच्या (कुठला नंबर कुठल्या लाइनने बाहेर जाईल या नियमाच्या) पॅटर्नशेजारी कॉलर आयडीचा रकाना असतो आणि त्यात एक्स्टेन्शन भरून रूट मर्यादित करता येतो. छोट्या ऑफिसला ते पुरते. पण फॉरवर्ड झालेल्या कॉलवर कॉलर आयडी बाहेरच्या माणसाचा असू शकतो, आणि मग तो कॉल त्या रूटवर न बसता खालच्या मोकळ्या रूटवर जातो. म्हणून रूटचा क्रम नीट लावा आणि सगळ्यात खाली ‘काहीही चालेल’ असा पॅटर्न ठेवू नका.

वेळेचे निर्बंध अनेकांना आवडतात. सहानंतर सगळे बंद, असे. शॉप फ्लोअरला लावा, एक्स्पोर्टला नको. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. आपल्याकडे रात्री आठ वाजतात तेव्हा तिथे दुपारचे साडेचार किंवा साडेतीन असतात आणि त्यांचा फोन यायची तीच वेळ. एक्स्पोर्टच्या टेबलाला वेळेऐवजी पिन द्या. आयएसडी लावताना माणूस आपला पिन दाबतो, नोंदीत कॉल त्याच्या नावावर पडतो, आणि रात्री कुणी त्या खुर्चीत बसले तरी काही लागत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की पिन त्याच दिवशी रद्द करायचा, हे एचआरच्या नो-ड्यूजच्या कागदावर लिहून टाका.

बदल करण्याआधी आत्ताच्या प्रोग्रामिंगचा बॅकअप घ्या आणि बदल झाल्यावर सिस्टिममध्ये सेव्ह केल्याची खात्री करा. काही सिस्टिममध्ये सेव्ह न करता वीज गेली तर जुनी टेबले परत येतात, आणि आठ दिवसांनी ‘आपोआप सुरू झाले’ अशी तक्रार येते. प्रोग्रामिंगचा पासवर्ड बनवणाऱ्या कंपनीने दिलेलाच असेल तर तोही बदला, लिफाफ्यात घालून मालकांकडे द्या.

मग चाचणी. चारही वर्गांतला एकेक फोन घ्या आणि प्रत्येकावरून आतला नंबर, कोल्हापूरचा लँडलाइन, मोबाइल, पुणे, ०० लावून परदेश, (सॉफ्टफोन असेल तिथे) + लावून परदेश, १८०० आणि स्पीड डायल हे सगळे लावून कागदावर लागले-नाही लागले अशी खूण करा. तेच चारही साध्या लाइन व्यस्त ठेवून परत करा, म्हणजे एसआयपीच्या वाटेचीही तपासणी होते. नंतर यूपीएस बंद करून गेटचा फोन उचलून पाहा. ११२ आणि १०८ शेवटी लावा, दिवसा, आणि लागल्यावर घाबरून कट करू नका; उचलणाऱ्याला कारखान्याचे नाव सांगून फोनची चाचणी आहे असे सांगा आणि मग ठेवा. त्या कागदाची एक प्रत ईपीएबीएक्सच्या कपाटात आतून चिकटवा. पुढच्या महिन्याच्या बिलात तिसऱ्या लाइनवर रात्रीचा एकही आउटगोइंग असेल, तर बिलाचे ते पान आणि त्याच वेळेची कॉल नोंद असे दोन्ही मला पाठवा. नुसत्या बिलावरून काही सांगता येणार नाही.